सोमवारचा गुंता

"हलू नका! हलू नका म्हणते ना!"

एवढं ओरडले तरी तो हललाच. माणसाला हलू नका म्हटलं की तो आधी हलतो, हा बाबांच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानातला माझा रोजचा अनुभव. आमच्या दाराच्या चौकटीला बाबांनी खोट्या माशांची एक लांबलचक माळ टांगून ठेवली होती. लाकडाचे, रबराचे, रंगीबेरंगी मासे, आणि प्रत्येकाच्या पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ. बाहेर पाऊस भुरभुरत होता. हा छत्री मिटत घाईघाईने आत शिरला आणि एका हिरव्या माशाने त्याची बाही धरली. ती सोडवायला दुसरा हात वर केला, तर दुसरी बाहीही अडकली.

असा तो दारात उभा. दोन्ही हात वर, पायाशी पडलेली छत्री, चष्म्यावर पावसाचे थेंब.

"मी आज पहिलाच का?" त्याने विचारलं.

"पहिला काय?"

"मासा."

मला हसू आवरेना. स्टूल ओढून मी वर चढले आणि त्याची बाही हातात घेतली. "लहान आहात," मी म्हणाले, "परत पाण्यात सोडावं लागेल."

"आधी मोजून तर बघा…"

आगाऊच होता! पण बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, म्हणून मी सोडून दिलं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला हा नवा माणूस. महिन्याभरापूर्वी लागलेला. काचेपलीकडे काचा घासत बसलेला मी त्याला रोज बघायचे. रोज म्हणजे… दिवसातून चार-पाचदा. आता इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. गळ काढायला दोन मिनिटं पुरतात, मी सहा लावली.

"मला बास पकडायला रॉड आणि रीळ हवंय," मोकळा झाल्यावर तो म्हणाला.

बास म्हणजे गोड्या पाण्यातला मासा. तोंड हे एवढं आणि स्वभाव भांडखोर. तळ्याकाठच्या गवतात, बुडालेल्या लाकडाखाली दबा धरून बसतो. समोर काही हललं की आधी गिळतो आणि मग विचार करतो. बाबा म्हणायचे, "पोरी, अगदी तुझ्यासारखा." तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही.

बाबांचे गिऱ्हाइकाला दोन प्रश्न ठरलेले. पहिला, कोणासाठी? दुसरा, हात दाखवा. बाबा खरंच हात बघायचे. पंजा दाबायचे, मनगट वळवून बघायचे, अंगठ्याचा जोर बघायचे, आणि मगच भिंतीवरचा रॉड उतरवायचे. "हात बघून रॉड द्यायचा, तोंड बघून नाही," हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होते.

त्या दिवशी बाबा जेवायला घरी गेले होते. आणि पहिला प्रश्न मी विचारलाच नाही. समोर उभा आहे, मागतोय, म्हणजे त्याच्याचसाठी असणार की! मी सरळ म्हणाले, "हात दाखवा."

त्याने उजवा हात पुढे केला. काचा घासून घासून अंगठ्याचं टोक गुळगुळीत झालेलं, बाकी हात कोमट. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं… आणि मिटलं. मला वाटलं, लाजला.

"याआधी मासेमारी केलीय?"

"नाही. नावेत वल्ही मारतो फक्त. दर रविवारी, वडिलांबरोबर."

म्हणजे नवखा. नवख्याला काय द्यायचं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. साडेसहा फुटी रॉड, टोकाला लवचीक, कमरेत ताठ. आणि त्याला खालचं रीळ. आमच्या दुकानात रिळांना आम्ही खालचं आणि वरचं म्हणतो. खालचं रीळ रॉडच्या खाली लटकतं. त्यातून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आपोआप सुटतो, लहान पोरालाही जमतं. वरचं रीळ रॉडच्या पाठीवर बसतं. त्यात तंगूस गुंडाळलेली फिरकी स्वतःच गरगर फिरते आणि आमिष पाण्यात पडायच्या क्षणी तिला अंगठ्याने दाबून थांबवावं लागतं. अंगठा जरा चुकला, की फिरकी फिरत राहते आणि आत अशी काही गुंतवळ होते की विचारू नका. मग तो सगळा कारभार उचलून दुकानात आणण्याखेरीज गत नाही.

दुकानात आणण्याखेरीज गत नाही… हे माझ्या डोक्यात आलं आणि हात आपोआप वरच्या फळीकडे गेला.

"हे घ्या," मी म्हणाले. "बासला हेच. दणकट असतं."

"नवख्याला जमेल?"

"न जमायला काय झालं? आणि गुंता झालाच तर मी आहे ना."

खोटं बोलताना माझा आवाज जरा गोड होतो. त्याला ते माहीत नव्हतं.

* * *

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो हजर. हातात रॉड, रॉडवर रीळ आणि रिळात हा एवढा गुंता.

"अंगठा?" मी विचारलं.

"विसरला."

"कुठे असतं लक्ष?"

"सांगू?"

"नको."

मी क्रोशाची सुई घेतली आणि काउंटरवर रीळ ठेवून गुंता सोडवायला बसले. गुंता सोडवताना ओढायचं नसतं. वरचे वेढे सैल करत करत जायचं, कुठला दोरा कुणाखाली दबलाय ते बघायचं. तो समोरून वाकून बघत होता. आमची डोकी एकदा एकमेकांवर आपटली. "माफ करा," "नाही नाही, माझंच…" असं दोघंही एकदमच बोललो आणि पुन्हा आपटलो. त्या दिवशी तो आणखी काहीतरी विचारणार होता. "ते रीळ… म्हणजे हे रीळ जरा…" असं दोनदा सुरू केलं त्याने. मी मान वर करून बघितलं, तर म्हणाला, "काही नाही. छान सोडवता तुम्ही."

मग दर सोमवार तसाच. सोमवारी मी निळा कुर्ता घालायला लागले, ते बाबांच्या लक्षात आलं. केस धुवायला लागले, तेही आलं. बाबा बोलले काहीच नाहीत. जेवायला मात्र दहा मिनिटं आधी निघायला लागले.

तिसऱ्या सोमवारी त्याने एक भिंग आणलं. त्याने स्वतः घासलेली काच, पितळी दांडीवर बसवलेली, काउंटरला घट्ट धरून राहणारी. "तुमच्या डोळ्यांवर ताण येतो," तो म्हणाला. भिंगाखाली तंगुसाचे वेढे स्पष्ट दिसायचे आणि त्याची बोटंही. मी बोटंच जास्त बघितली.

बोलणं व्हायचं ते बहुतेक त्याच्या वडिलांचं, आणि कधीमधी परगावी दिलेल्या त्याच्या ताईचं. वडील म्हणजे अप्पा.  तळ्याच्या मोडक्या धक्क्याखाली एक थोरला बास राहतो आणि अप्पा नऊ वर्षं त्याच्या मागे आहेत. अप्पांनी त्याचं नाव ठेवलंय जावई.

"जावई का?"

"येतो, खातो आणि तोंड पुसून निघून जातो. वर उपकार केल्यासारखं बघतो."

"आणि तुमची ताई? ती काय म्हणते याला?"

"ती म्हणते, तळं सोडा आणि माझ्याकडे राहायला या. तिच्या गावात मोठा दवाखाना आहे. अप्पा म्हणतात, जोवर हात चालतोय तोवर तळं सोडणार नाही." मग जरा थांबून, "अप्पा इथे आहेत म्हणून मी इथे आहे. नाहीतर…"

"नाहीतर काय?"

"नाहीतर तुमच्या माळेत अडकलोच नसतो."

मी मनातल्या मनात अप्पांना उदंड आयुष्य मागितलं, आणि त्या जावयालाही.

पाचव्या सोमवारी मी म्हणाले, चला, अंगठा कसा ठेवायचा ते दाखवते. दुकानामागच्या बोळात बादली ठेवली, गळाऐवजी रबरी गोळी लावली. त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून एकदा दाखवलं. मग म्हणाले, टाका. त्याने टाकलं. गोळी बादलीच्या कडेला लागली. पुन्हा टाकलं. थेट आत! सहा वेळा टाकलं, सहाही वेळा अंगठा बरोबर बसला. गुंत्याचं नाव नाही.

आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तो एवढा मोठा गुंता घेऊन दारात उभा!

आता सांगा, मी काय समजायचं? माझ्यासमोर सहा वेळा न चुकणारा अंगठा तळ्यावर जाऊन बरोबर चुकतो? मी समजायचं तेच समजले. मुद्दाम करतोय. माझ्याकडे यायला निमित्त हवं म्हणून बिचारा रविवारी तळ्यावर बसून गुंते करतोय. दिवसभर माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी त्याला गुंता होणारं रीळ दिलं आणि तो गुंते करून आणतो. इतकी छान जोडी दुसरी कुठे असेल का, असं मला खरोखर वाटलं.

त्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, "त्या चष्मेवाल्याला वरचं रीळ कोणी दिलं?"

"त्यानेच मागितलं."

"गेल्या सोमवारी जेवून येताना बोळात बघितलं मी. हात चांगला आहे त्याचा. मग गुंते कसले आणतो? काहीतरी जुळत नाहीये. खालचं दे बदलून."

"त्याला हेच आवडतं, बाबा."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.  "बरं," म्हणाले आणि शटर ओढायला उठले. तेव्हाच बदललं असतं तर… पण तेव्हा मला सोमवार हवे होते.

* * *

आठव्या सोमवारी तो आला नाही. नवव्याही नाही. समोरच्या काचेपलीकडे त्याच्या जागी मालक स्वतः काचा घासत होते. मी दोनदा काहीतरी विचारायला म्हणून रस्ता ओलांडला आणि दोनदा अर्ध्यातून परत आले.

दहाव्या सोमवारी आला. त्या दिवशी बाबा दुकानातच होते. माळेखालून व्यवस्थित वाकून आत आला. दाढी वाढलेली. रॉड काउंटरवर ठेवला. रिळात गुंता होता, आणि त्यातून तुटलेल्या तंगुसाचं एक टोक बाहेर आलं होतं.

"हे परत घ्याल का?" तो म्हणाला. "आता लागणार नाही."

"का? काय झालं?"

तो काउंटरकडे बघत बोलला. "रॉड माझ्यासाठी नव्हता. अप्पांसाठी होता. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजव्या हातात जोर बराचसा परत आला होता, पण अंगठा बधिर. कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांची शपथ होती. म्हणून मी… माझाच म्हणून न्यायचो."

 म्हणजे ते सगळे गुंते… सातच्या सात… अप्पांच्या अंगठ्याचे होते. तळ्यावर बसून कुणी माझ्यासाठी काही करत नव्हतं. एक म्हातारा माणूस बधिर अंगठ्याने फिरकी थांबवायला धडपडत होता, आणि मी सोमवारी निळा कुर्ता घालून त्याची वाट बघत होते.

"पंधरा दिवसांपूर्वी जावई आला," तो म्हणाला. "अगदी धक्क्याजवळ, वर. अप्पांनी आमिष टाकलं. नेमकं त्याच्या तोंडापुढे पडलं. त्याने गिळलंही. पण रिळात गुंता झालेला. रीळ फिरेना, तंगूस सुटेना. मी म्हटलं, द्या इकडे, तर त्यांनी माझा हात झटकला. जावई दोनदा उसळला आणि तंगूस तोडून गेला. अप्पा बराच वेळ त्या तुटल्या टोकाकडे बघत बसले. मग रॉड नावेत आडवा ठेवला आणि म्हणाले, पुरे आता, चल घरी. चार दिवसांनी दुसरा झटका आला. आता उजवा हात हलतच नाही."

 मग बाबा पुढे झाले. रीळ उचलून बघितलं.

"अधू हाताला वरचं रीळ?" बाबा हळूच म्हणाले. "साहेब, चूक आमची. आम्ही विचारायला हवं होतं."

"नाही नाही," तो घाईने म्हणाला, "चूक तुमची नाही… म्हणजे…" आणि वर न बघताच निघून गेला.

बाबा माझ्याकडे वळले. "त्याने मागितलं होतं?"

"नाही. मी दिलं. परत यावा म्हणून."

दुसऱ्या कुणाचा बाप असता तर ओरडला असता. बाबांनी भिंतीवरून एक खालचं रीळ उतरवलं, पुसलं, आणि माझ्यासमोर ठेवलं. "मला सांगून काय उपयोग?" एवढंच म्हणाले. "त्यांना जाऊन सांग."

* * *

अप्पांचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन वल्ही कोपऱ्यात उभी. खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसत होता आणि अप्पांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली होती.

"कोण गं तू?"

"रिळाच्या दुकानातली."

"अच्छा! गुंता सोडवणारी," ते म्हणाले. बोलणं सावकाश, पण स्पष्ट. "छान सोडवतेस. कुठे दुमड म्हणून नसायची. मला नाही कधी असं जमलं."

हे ऐकायला मी आले नव्हते.  रीळ मांडीवर ठेवून मी एका दमात बोलून टाकलं, "अप्पा, ते रीळ नवख्यालाही द्यायचं नसतं. मला माहीत होतं. तरी मी मुद्दाम दिलं. गुंता झाला की माणूस दुकानात परत येतो. मला… त्यांनी परत यायला हवं होतं. तुमच्यासाठी आहे हे माहीत नव्हतं, पण मी विचारलंसुद्धा नाही."

अप्पा कपाळाला आठी घालून म्हणाले, "पण मी तर पहिल्याच रविवारी याला म्हटलं होतं, हे माझ्या अंगठ्याचं नाही, बदलून आण. तुम्हीच ना सांगितलंत, दुसरं रीळ नाही दुकानात?"

मी मान वर केली. तो आतल्या दारात उभा होता, हातात पाण्याचा पेला.  मला कुणी कधी बदलून मागितलंच नव्हतं. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर खालच्या रिळांची अख्खी रांग होती. तो पहिला सोमवार आठवला… "ते रीळ… म्हणजे हे रीळ जरा…" आणि मग काहीच नाही.

"हो," मी म्हणाले. "तेव्हा… संपली होती."

"सगळी?"

"सगळी."

"सात आठवडे?"

त्याने पेला खाली ठेवला. गढूळ पाण्याखालचा मासा ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आमची दोघांची तोंडं ओळखायला कितीसा वेळ लागणार! अप्पांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे माझा जावई तुम्ही दोघांनी मिळून घालवलात," ते म्हणाले.

रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले.

"केवढा होता, माहितीये?" त्यांनी डावा हात वर केला, पंजा उभा धरला. उजवा खांदा थोडा उचलला गेला, पण हात मांडीवरून उठला नाही. डावा पंजा हवेत एकटाच राहिला. मासा दाखवायला दोन हात लागतात. आमच्या दुकानात रोज दहा जण दाखवतात, आणि त्यातले निम्मे खोटे.

मी खुर्ची सरकवली. माझा पंजा त्यांच्या पंज्यासमोर धरला, वीतभर लांब.

"एवढा?"

"हट्! आणखी."

मी हात मागे घेतला. "एवढा?"

"आणखी."

हात पूर्ण लांब झाला. मला उठून एक पाऊल मागे जावं लागलं.

"आणखी थोडा… हां. एवढा." ते त्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मीही बघत होते. माझा दंड भरून आला तरी हात खाली घ्यायचा धीर होईना. शेवटी त्यांनीच त्यांचा हात खाली घेतला. "आता ते रीळ घेऊन जा, पोरी. मला नको."

तो दारापर्यंत आला.  मी जिने उतरले आणि रस्त्यावर आल्यावर रडले.

* * *

शनिवारी दुपारी तो दुकानात आला.

"उद्या ताईकडे चाललोय," म्हणाला. "तळं होतं म्हणून अप्पा इथे होते. आता तळ्याकडे बघायलाही नको म्हणतात. मीही तिकडेच काम बघितलंय."

त्याने परत यावं म्हणून मी जे केलं, त्यानेच तो चालला होता.  कपाळावर हात मारून घ्यावासा वाटत होता.

"तू खोटं का बोललीस अप्पांना?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच तू म्हणाला.

"तुम्ही का बोललात?"

"पहिल्या सोमवारी बदलायलाच आलो होतो. तू सुई घेऊन बसलीस. मला वाटलं, एवढा एकच गुंता… पुढच्या वेळी मागू. मग पुढच्या वेळीही तसंच वाटलं." त्याने चष्मा काढून पुसला. "मला तू आवडतेस. फार. पण तुझ्याकडे बघितलं की मला तो रॉड नावेत आडवा ठेवलेला दिसतो. तुझी चूक म्हणून नाही… माझी म्हणून."

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हणाले. इतके दिवस ज्यासाठी एवढा उपद्व्याप केला, ते बोलून झालं, आणि त्याने काहीच बदललं नाही.

बराच वेळ तो काउंटरवरच्या भिंगाची दांडी उगाच वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "मला एक रॉड आणि रीळ निवडून दे. ताईच्या गावाबाहेर नदी आहे."

"कोणासाठी?" या वेळी मी आधी विचारलं.

"माझ्यासाठी. खरंच माझ्यासाठी."

"हात दाखवा."

त्याने हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला. पंजा दाबला, मनगट वळवलं, अंगठ्याचा जोर बघितला. बाबांनी शिकवलं तसं सगळं, काही न वगळता, घाई न करता. मग फळीखालून तेच परत आलेलं रीळ काढलं. गुंता अजून तसाच होता. मी भिंग वाकवलं, सुई घेतली आणि वरचे वेढे सैल करायला लागले. तो समोरून वाकून बघत होता. आमची डोकी एकदाही आपटली नाहीत. तुटलेलं टोक कापून टाकलं, नवा तंगूस भरला, आणि त्याच रॉडवर बसवलं.

मागच्या बोळात बादली ठेवली. त्याने एकदाच टाकलं. गोळी बादलीच्या मधोमध पडली, अंगठा अचूक बसला.

"हेच घ्या," मी म्हणाले. "तुमच्या हाताला हेच बरोबर आहे."

"गुंता?"

"होणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तो थांबला. महिन्यातून एकदा दुकानात आणून तेल घालून घ्यावं लागतं, असं मी म्हणाले असते तर त्याने मान डोलावली असती. त्यासाठीच थांबला होता की काय, कुणास ठाऊक. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं, आणि आवाज आधीच गोड झाला होता. मी ते गिळलं. आता या माणसाशी खोटं बोलायचं नाही, असं मी अप्पांच्या जिन्यात ठरवलं होतं.

"म्हणजे मला परत यायला काही निमित्त नाही," तो म्हणाला.

"नाही."

त्याने रॉड उचलला. दारात माळेखालून वाकला. हिरवा मासा त्याच्या बाहीला हलकेच घासून गेला, पण अडकला नाही. मी दोन्ही हातांनी काउंटरची कड धरून उभी होते. रस्ता ओलांडताना त्याने मागे वळून बघितलं, मी हात हलवला, आणि तो गेला.

याला आता वर्ष होत आलंय. दुकानात कुणीही येवो, मी आधी विचारते, कोणासाठी? बाबा म्हणतात, तुझा हात आता माझ्यापेक्षा चांगला बसलाय. भिंग अजून काउंटरवरच आहे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी दाराकडे बघत नाही असं म्हणाले, तर ते खोटं होईल.

त्या शनिवारी मी त्याच्याशी एक शब्द खोटा बोलले नाही, याचा मला किती दिवस अभिमान होता! मग एके दिवशी गुंता सोडवता सोडवता सुई हातातच राहिली. निमित्ताशिवाय या… एवढंच तर म्हणायचं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.